सम्राटाचा फेटा

कोल्हापुरात रणधीरराव जगदाळ्यांचा स्टुडिओ जपानी अ‍ॅनिमेच्या धाटणीची हाणामारीची मालिका काढत होता. नायिका विद्युल्लता एकटी शंभर सैनिकांना लोळवायची. चित्रकार शलाका बोंद्रेने तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत चढवलं होतं. रणधीररावांनी त्यातलं इतकं उतरवायला लावलं, की उरलेल्यात एखाद्या मांजराचंही चिलखत झालं नसतं.

"सर, हिला बाण लागला तर?" शलाकाने विचारलं.

"तुम्हाला कळायचं नाही, बाई. यालाच स्त्रीशक्ती म्हणतात! ज्याच्या अंगात खरी ताकद, त्याला कपडे हवेत कशाला? उद्या चॅनेलचे लोक येतायत. जमत नसेल तर दुसरी नोकरी बघा."

शलाका "बरं" म्हणाली आणि कामाला बसली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पडदा उजळला. विद्युल्लता सांगितली होती तशीच आली. पाठोपाठ आला जगज्जेता सम्राट, ज्याला रणधीररावांनी हौसेने स्वतःचा चेहरा द्यायला लावला होता. त्याच्या डोक्यावर भलाथोरला फेटा होता आणि बाकी अंगावर चिंधीही नव्हती. मध्ये ढाल आडवी आली म्हणून लाज राहिली.

"अहो, माझे कपडे कुठायत?" रणधीरराव किंचाळले.

"सर, मालिकेत सगळ्यात ताकदवान सम्राटच. तुमच्याच नियमाने उतरवले."

"मग फेटा तेवढा कशाला ठेवला?"

"ठेवला नाही, सर," शलाका नम्रपणे म्हणाली. "कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलंय."

पाहुणे पोट धरधरून हसले. विद्युल्लतेचं चिलखत परत आलं, तेव्हा कुठे सम्राटाला धोतर मिळालं.