सतरावा विजयकेतुपथ

त्रेतायुग आवराआवर करीत होते आणि द्वापरयुग उंबरठ्याशी पाय धूत उभे होते, अशा संधिकाळी पश्चिम समुद्राच्या काठी रत्नवेला नावाची नगरी होती. राजा कीर्तिकेतूचा पणजोबा विजयकेतु याने बारा वर्षे एका अंगठ्यावर उभे राहून वरुणाला प्रसन्न करून घेतले आणि त्याच्याकडून सात कोस भूमी मागून घेतली. समुद्र मागे सरला, तेथे प्रासाद उठले, उद्याने फुलली, आणि जलचरांच्या जागी नागरिक राहू लागले.

नगरीला उणे काहीच नव्हते. जे होते तेच अती होते. तिच्यात पणजोबा विजयकेतूच्या नावाचे एकोणीस पथ होते, आजोबा जयकेतूच्या नावाच्या अकरा पेठा होत्या, आणि पिता धूमकेतूच्या नावाची सात विद्यालये होती. धूमकेतु महाराजांना अक्षरओळख नव्हती. पण विद्यालयांनी ती गोष्ट कधी मनावर घेतली नाही.

ही नावे ठरवण्याचे आणि शिळांवर कोरून घेण्याचे काम तीस वर्षे नामाधिकारी वसुमान करीत होता. दर नव्या नावामागे त्याला राजाकडून एक शाल मिळे. त्या दमट किनाऱ्यावर शालीचे करायचे काय, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या पदाला नव्हता. तो स्वतः सतराव्या विजयकेतुपथावर, नगरीच्या सर्वांत सखल टोकाला राहत असे. पहाटे निघे, दिवेलागणीला परते. शेजारी कोण राहतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याने ते कधी ठाऊक करूनही घेतले नव्हते.

एके दिवशी सकाळी ऊर्ध्वकेश नावाचे महातपस्वी त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. जटा वाऱ्यावर सुटलेल्या, तळवे फुटलेले, आणि ओंजळीत हिमालयावरून आणलेली एक वनस्पती, जी सूर्यास्ताबरोबर कोमेजणार होती.

"माझा शिष्य सुवर्चस विषमज्वराने अंथरुणाला खिळला आहे," ऋषी म्हणाले. "तो विजयकेतुपथावर राहतो. मला वाट दाखव."

"कोणत्या?" वसुमानाने विचारले.

"विजयकेतूच्या."

"ते कळले, मुनिवर. एकोणीसांपैकी कोणत्या?"

ऋषी गोंधळले. "त्याच्या दारात पारिजात आहे."

"पारिजातांची नोंद आमच्याकडे नसते," वसुमान नम्रपणे म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला.

ऋषी पहिल्या पथापासून निघाले. प्रत्येक पथावर लोकांनी त्यांना मोठ्या आदराने दुसऱ्या विजयकेतुपथाकडे पाठवले. एकोणिसाव्या पथावर पारिजात दिसला तेव्हा सूर्य समुद्रात उतरत होता, आणि सुवर्चसाची तिरडी दारातून निघत होती.

ऋषी ती कोमेजलेली वनस्पती घेऊन थेट राजसभेत आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि म्हणूनच सभा अधिक घाबरली.

"ऐक, कीर्तिकेतो!" ते गरजले. "जी नगरी आपल्याच वाटा ओळखत नाही, तिला नगरी म्हणून समुद्राने तरी का ओळखावे? आजपासून तिसऱ्या सूर्योदयाला वरुण आपली भूमी परत नेईल!"

राजाने सिंहासनावरून उडी टाकून त्यांचे पाय धरले. ऋषीचा कोप ताजा असतो तेव्हाच उःशाप पदरात पडतो, हे राजघराण्यांना परंपरेनेच ठाऊक असते.

"ऊठ," ऋषी थकल्या आवाजात म्हणाले. "वरुण प्रत्येक वाटेच्या तोंडाशी थांबेल आणि घरोघर विचारील, ही वाट कोणाच्या नावाची, आणि त्याने तुझ्यासाठी काय केले? ऐकीव सांगून चालणार नाही; स्वतःवर गुदरलेले सांगावे लागेल. सगळी घरे खरे बोलली तर ती वाट राहील. एक घर जरी मुके राहिले, किंवा खोटे बोलले, तर ती बुडेल."

वसुमानाच्या पायांखालची भूमी तेव्हाच सरकली. त्याची एकुलती एक मुलगी मदयंती नुकतीच बाळंत झाली होती, आणि सूतिकाज्वराने तापली होती. वैद्याने बजावले होते, "हिला अंथरुणावरून उचलाल, तर प्राण अंथरुणावरच राहतील." इतर लोक बोचकी बांधून टेकडीवर जाऊ शकत होते. ती जाऊ शकत नव्हती.

"महाराज," त्याने आयुष्यात प्रथमच न विचारता तोंड उघडले, "नावे बदलू या. अजून दोन दिवस आहेत."

"पणजोबांचे नाव काढायचे?" राजा थरारला. "ज्यांनी भूमी मिळवली त्यांचे? मूर्खा, नावे तीच राहतील. उत्तरे तयार कर!"

आणि वसुमानाने उत्तरे तयार केली. तीस वर्षांची सवय दोन दिवसांत सुटत नाही. विजयकेतूने माझ्यावर केलेले उपकार, अशी शंभर सुंदर वाक्ये त्याने रचली आणि घरोघर पाठ करायला वाटली. तीन रात्री आणि दोन दिवस तो घरी गेला नाही.

तिसऱ्या सूर्योदयाला क्षितिज उभे राहिले. मकरावर आरूढ झालेला, हाती पाश घेतलेला, निळ्या खांद्यांवरून शेवाळाचे उत्तरीय लोळत असलेला भगवान वरुण पहिल्या विजयकेतुपथाच्या, म्हणजे राजपथाच्या, तोंडाशी आला आणि पहिल्या घराच्या धन्याला म्हणाला, "बोल. विजयकेतूने तुझ्यासाठी काय केले?"

धन्याने अस्खलित म्हणून दाखवले.

"हे तुझ्यावर गुदरले?"

"नाही देवा. पाठ करायला दिले होते."

पाणी राजपथावरून असे गेले, की जणू तेथे राजपथ कधी नव्हताच. मुख्य विद्यालयाच्या आचार्यांनी धूमकेतु महाराजांची एकशे आठ विशेषणे म्हणायला घेतली. वरुणाने बेचाळिसाव्यापर्यंत सभ्यपणे ऐकले आणि ओसरी नेली. मग विद्यार्थीच ओरडले, "आमची शाळा तंडक नावाड्याची! खाडीला पूर आला तरी त्याने आमचा एक दिवस बुडू दिला नाही, आमची इच्छा असूनही!" आणि पाणी तेथेच थबकले.

ते पाहिले मात्र, वसुमानाने अंगावरची शाल टाकली आणि घराकडे धाव घेतली.

सतराव्या पथावर नऊ घरे होती. माणसे बोचकी बांधीत होती. वसुमान मध्यभागी उभा राहून किंचाळला, "या गल्लीसाठी कोणी काही केले आहे का? कोणीही! लवकर सांगा, माझी मुलगी आत आहे!"

"माझ्या वडिलांनी केले," कुक्कुट तेली म्हणाला. "मोठा धर्मात्मा माणूस!"

"तुझ्या वडिलांनी माझी म्हैस नेली ती अजून परत यायची आहे," समोरून उत्तर आले.

"मेल्या माणसाला नावे ठेवतोस?"

"माणसाला नाही रे, म्हशीला शोधतोय!"

पाण्याचा घोष जवळ येत होता. वसुमान रडकुंडीला येऊन एकेकाचे हात धरू लागला. इतक्यात विहिरीकडून आवाज फुटला. "अरे, बोचकी कठड्यावर ठेवू नका! विहिरीतली मातीची कडी सरकतील! समुद्र आला म्हणून काय अक्कल वाहून गेली?"

ती कुंभाराची विधवा धूम्रा होती; नऊ घरांबाहेर, विहिरीजवळच्या भट्टीच्या छपरातच ती राही. हातांना कोपरापर्यंत माती, डोळे भट्टीच्या धुराने कायमचे लाल. ओरडण्याबद्दल तिची तीन पेठांत ख्याती होती. सगळ्यांनी बोचकी उचलली, आणि मग ते हळूहळू एकमेकांकडे पाहू लागले.

"हिचेच," कुक्कुट तेली पुटपुटला.

"माझे नाव?" धूम्रा कडाडली. "काही नको! आज पाटी लावाल आणि उद्या त्याच पाटीखाली राख टाकाल. ओळखून आहे मी तुम्हाला!"

"बाई, वाद नंतर घाला," वसुमानाने हात जोडले. "आत माझी लेक आहे."

ती उत्तर देणार तोच वरुण गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. "ही वाट कोणाची?"

"धूम्रेची!" आठ घरे एका आवाजात म्हणाली.

"तिने काय केले?"

"मला घाण्याची पेंड गटारात टाकू दिली नाही," तेली म्हणाला. "दारात उभी राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या वर्षापासून माझ्या घरात पावसाळ्यात अतिसाराने कोणी दगावले नाही."

विणकराची बायको पुढे आली. "नवरा मारायचा मला. ही चुलीतले जळते लाकूड घेऊन आली आणि एकच वाक्य बोलली. ते देवासमोर सांगण्यासारखे नाही."

"सांगू नकोस," वरुण म्हणाला. "ते तेव्हाच माझ्या तळापर्यंत ऐकू आले होते."

अशी आठ घरे बोलली. सगळ्यांनी तक्रारीच केल्या, आणि प्रत्येक तक्रारीसरशी लाट एक हात मागे गेली. शेवटचे घर वसुमानाचे. आतून मदयंतीचे कण्हणे आणि बाळाचे रडणे ऐकू येत होते.

"नामाधिकाऱ्या, तुझ्यासाठी तिने काय केले?"

वसुमानाने तोंड उघडले, आणि सवयीने सुंदर वाक्य बाहेर आले. "भगवन्, या वत्सल माउलीने माझ्या नातीला मांडीवर घेऊन..."

पाणी सपकन उंबरठ्यावर चढले. आतून मदयंतीने हाक मारली, "बाबा, अंथरूण ओले होतेय!"

वसुमान पाण्यात गुडघ्यांवर बसला.

"खोटे!" तो ओरडला. "खोटे बोललो! मी हिच्याशी घरी कधी एक शब्द बोललो नाही. विहिरीत खारे पाणी झिरपत होते. ती बांधून द्या म्हणत ही अकरा वेळा माझ्या कचेरीत आली आणि मी अकरा वेळा परत पाठवले. विहीर सतराव्या पथात मोडते की अठराव्या, याचा निर्णय व्हायचा होता. तो मीच करायचा होता. मग ही यायची थांबली. आपल्या भट्टीत पुरुषभर रुंद मातीची कडी भाजून हिने विहिरीत एकावर एक उतरवली. सोळा वर्षे मी ते गोड पाणी पितो आहे. माझी लेक तापात त्याच पाण्यावर जगली आहे. ती कडी उतरताना मला दिसली होती, तरी ते गोड कसे झाले हे मी कधी विचारले नाही. विचारले असते, तर नोंद करावी लागली असती."

पाणी उंबरठ्यावर थरथरत उभे होते.

"अकरा नव्हे," धूम्रा म्हणाली. "चौदा वेळा आले होते."

वरुणाची भुवई चढली. "म्हणजे हा खोटे बोलला?"

वसुमानाने डोळे मिटले. धूम्रेने त्याच्याकडे पाहिले. सोळा वर्षांचा हिशेब चुकता करण्याची अशी संधी माणसाला एकदाच मिळते.

"नाही," ती फणकारली. "तीन वेळा हा जागेवर नव्हता."

पाणी उंबरठ्यावरून उतरले, गल्लीतून मागे गेले आणि आपल्या मर्यादेवर स्थिर झाले.

त्या दिवशी रत्नवेलेची दोन तृतीयांश नावे आणि दोन तृतीयांश भूमी समुद्राने नेली. उरले ते लहानसे गाव: तंडकाची शाळा, ताकवालीची पेठ, एका लंगड्या वैद्याच्या नावाचा चढ. राजाला ताकवालीच्या पेठेत घर घ्यावे लागले, आणि आपण कुठे राहतो हे त्याने कोणाला फारसे सांगितले नाही. मदयंतीचा ताप सातव्या दिवशी उतरला.

आश्विनी पौर्णिमेच्या भरतीला वरुण अजून धूम्रेच्या आळीच्या तोंडाशी येतो, असे सांगतात. तिला पाहिलेले आता कोणी राहिले नाही, आणि ऐकीव त्याला चालत नाही. म्हणून एखादे कडे तडकलेले दिसले, की त्या पौर्णिमेआधी नऊ घरे कडाकडा भांडून ते बदलतात. मग विहिरीतून पोहरा काढून आणतात, समुद्रासमोर घरटी एकेक ओंजळ पितात आणि म्हणतात, "गोड आहे." एवढी साक्ष त्याने आजवर मान्य केली आहे.