थर्माकोलमधली नळी

“दुसरी नळी लावलीये ना सर, मग आकडा सरकतो कसा?”

विचारणारा प्रद्युम्न. जागा अकोल्यातल्या एका इस्पितळाचा लहान मुलांचा वॉर्ड, मे महिन्यातली दुपार.

एका रिकाम्या खाटेशी सलाइनची बाटली टांगली होती. तिची नळी दोन पातळ पत्र्यांमधून जाऊन खाली बादलीत थेंब सोडत होती. त्या पत्र्यांत वीज किती साठते, त्यावरून किती पाणी गेलं ते कळायचं. यंत्र प्रद्युम्ननं पुण्यात घडवलेलं. तिथे ते कधीच चुकलं नव्हतं, हे त्यानं आल्यापासून दोन-तीनदा सांगून झालं होतं.

इथे मात्र ऊन चढलं तसा आकडा उतरला. थेंब तेवढेच, आकडा कमी.

उद्यापासून हे यंत्र खऱ्या बाळांना लागायचं होतं. आकडा कमी दिसला की सिस्टर नळी आणखी सोडणार, आणि एवढ्याशा जिवात नको तेवढं पाणी जाणार. प्रद्युम्न घाबरला होता. म्हणून तर त्यानं आपल्या जुन्या मास्तरांना, डबीर सरांना, घरून बोलावून आणलं होतं.

उष्णतेनं पाण्याचा गुण बदलतो हे आपण विसरलो नाही, असं त्यानं सरांना जरा ठसक्यातच सांगितलं. तशाच पत्र्यांमध्ये, तेच सलाइन भरून तोंडं बंद केलेली दुसरी नळी त्यानं ठेवली होती. तिच्यात काही वाहत नाही. तिचा आकडा पहिल्यातून वजा होतो.

“कुठाय ती?”

प्रद्युम्ननं खाटेखालून थर्माकोलची डबी ओढली. आत बर्फाच्या पिशवीला टेकून नळी निवांत पडली होती.

“माप आहे सर ते. त्याला ऊन लागून कसं चालेल?”

सरांनी ती नळी पत्र्यांसकट बाहेर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि वाहत्या नळीच्या शेजारी चिकटपट्टीनं बांधली.

“आता हीपण चुकेल, सर.”

“चुकू दे. तिच्याइतकीच.”

...

दोघं बघत राहिले. बंद नळीही तापत गेली. आकडा सावकाश वर आला आणि थेंबांशी जुळला.

सरांनी नळीवरची चाकी आवळली. थेंब थांबले. आकडा शून्यावर आला.

प्रद्युम्नच्या जिवात जीव आला. संध्याकाळपर्यंत असंच चालू द्यावं, मग डॉक्टरांना सांगावं, असं सर म्हणाले. त्यानं लगेच मान डोलावली आणि लॅपटॉप काखेत मारला.

“यंत्र राहू दे इथे. मी खाली एसीत बसून आकडे बघतो.”

सर दारापर्यंत गेले होते. ते थांबले.

“खुर्ची घेऊन ये वर.”