भंडार कुठला?

"शपथ घेतली तरी मेलो, नाही घेतली तरी मेलो. बाबा, मी करू काय?"

नागोपंत धापा टाकत टेकडी चढून आला होता. मीठबंदर नावाच्या चिमुकल्या राज्याचा तो वकील. परक्या दरबारात राजाच्या वतीने बोलायचं, हे त्याचं काम. सहा भाषांत खोटं बोलता येतं, असा लौकिक. आज एकही भाषा सुचत नव्हती.

त्याचे गुरू धुळनाथबाबा शेळीच्या अंगावरची कुसळं काढत बसले होते.

"सावकाश सांग. शेळी घाबरते."

"कासारगडच्या राजानं शेजारचं सोनवळ जाळलं. म्हणून सात राजे एक झालेत, आठवे आम्ही. उद्या बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. कासारगडला काही विकायचं नाही, त्यांचं काही घ्यायचं नाही."

"चांगलं आहे."

"आमचं मीठ एकटं कासारगड घेतं, बाबा. शपथ घेतली तर मिठागरावरची माणसं उपाशी. नाही घेतली तर हे सात जण आमच्यावरच चालून येतील."

बाबांनी आणखी एक कुसळ उपटलं.

"शपथेचा बेल कुठला?"

"देवळामागचा."

"आणि भंडार?"

"हळद ती, बाबा. कुठली असणार…"

नागोपंत थांबला. त्या सबंध मुलखात हळद पिकायची ती कासारगडच्याच काळ्या जमिनीत.

"उद्या एवढंच विचार," बाबा म्हणाले. "वर स्वतःचं शहाणपण घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोपंत जवळजवळ नाचतच वर आला. शेळीही नाचली, असं सांगणारे आहेत. मी तेवढं सांगत नाही. ती नुसती उड्या मारत होती.

"सुटलो, बाबा. सगळ्यांच्या ओंजळीत हळद होती, तेव्हा विचारलं, भंडार कुठला? कुणी वर बघेना…"

"मग?"

"थोरले महाराज खाकरले. म्हणाले, भंडार देवाचा, तो व्यापारात धरायचा नाही. लगेच दुसरे म्हणाले, मग आम्ही तिकडून घेतो ते घोडेही दसऱ्याच्या पूजेचेच. तिसऱ्यांचं तांबं घंटेसाठी निघालं. मी हळूच म्हटलं, कासारगडच्या देवालाही नैवेद्य लागतो, आणि नैवेद्याला मीठ."

"मान्य झालं?"

"एकमतानं. मग सगळ्यांनी गळ्यात गळे घालून शपथ घेतली."

"बंद काय झालं?"

"मोरपिसं."

"मोरपिसं?"

"कासारगडची मोरपिसं कुणीही घ्यायची नाहीत. अगदी कडक बंदी." नागोपंत पोट धरून हसला. किती दिवसांनी हसत होता कोण जाणे.

बाबाही हसले. मग म्हणाले, "सोनवळची माणसं होती का तिथे?"

"दाराशी बसली होती."

"त्यांना काय सांगितलंस?"

"सांगितलं…" नागोपंतने शेळीकडे पाहिलं. "सांगितलं, बंदी लागू झाली."

बाबा पुन्हा शेळीची कुसळं काढू लागले. शेवटी नागोपंत निरोपाच्या आशीर्वादासाठी वाकला.

बाबांनी सवयीने मोरपिसांचा कुंचा उचलला. झडून झडून निम्मा झालेला, कासारगडच्या जत्रेतून कधीकाळी आणलेला. त्यांनी तो जरा निरखला, बाजूला ठेवून दिला आणि त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

"हात खरखरीत आहे. सांभाळून घे."