ज्याचा कायदा, त्याची दवंडी

वेणापुरात कायद्यांना ऊत आला होता. कोतवालानं एक सुचवला की पागेचा कारभारी दोन सुचवायचा, आणि न्यायाधीश धोंडोपंत तर निवाडा देता देता चार सुचवून मोकळे व्हायचे. मानाजीराजांना नाही म्हणायचा कंटाळा. येईल त्या कागदावर ते शिक्का उठवायचे.

पण बाजारच्या दिवशी चौकात दवंडी पिटल्याशिवाय कायदा लागू होत नसे, हा तिथला रिवाज. परवाच्या बाजारी एकसष्ट कायदे आले. चाळिसाव्याला सुभाना दवंडीवाल्याचा आवाज बसला आणि एकवीस कायदे त्याच्या पोटातच राहिले.

राजे तापले. सुभानाला दरबारात बोलावणं गेलं. त्याला बोलता येईना, म्हणून लेक भिवरा सोबत आली.

"महाराज, माझ्या बापाचा गळा गेला. कायदे कमी करा."

"तूच कर की! पण कुणाला नाही म्हणायचं नाही, एकही कागद फाडायचा नाही. पुढच्या बाजारी जमलं नाही, तर हलगी सरकारजमा."

तीन पिढ्यांची हलगी ती. सुभानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमेल," भिवरा म्हणाली. "फक्त एवढा हुकूम द्या. ज्याचा कायदा, त्यानंच चौकात हलगी वाजवून सांगायचा. लोक विचारतील त्याला उत्तरही द्यायचं."

राजांना गंमत वाटली. हुकूम सुटला.

बाजारच्या दिवशी कोतवालानं हलगी बडवली. "ऐका हो ऐका! बाजारात छत्री मिटूनच फिरावं!"

"कोतवालसाहेब, गेल्या महिन्यात तुम्हीच उघडी ठेवा म्हणालात," कांदेवाली म्हणाली. "तो कायदा मोडू की हा?"

कोतवालानं कागद शेल्यात खोचला आणि वाट धरली. मग धोंडोपंत आले.

"पंत, कायदा तुमचा," गूळवाल्यानं विचारलं. "त्यावरून भांडण झालं तर निवाडा कोण देणार?"

"मीच."

"मग तुमचा कायदाच चुकला, तर दाद कुणाकडं मागू?"

पंतांनी पुढची तारीख दिली आणि ते पालखीत बसले. ते बघून बाकीचे अधिकारी चौकात फिरकलेच नाहीत.

संध्याकाळी हलगी घेऊन भिवरा बापासोबत दरबारात उभी राहिली. "कुणाला नाही म्हटलं नाही, महाराज. कागदही ज्याच्या त्याच्या शेल्यात शाबूत आहेत."

"पण उद्या हे तयारी करून आले तर? मर्यादा घालावीच लागेल. वर्षाला एका खात्याचे किती कायदे घेऊ?"

"शिक्के आपण मारलेत. त्यांतले आपल्याला आठवतील तेवढे."

राजे बोटांवर मोजू लागले. दुसऱ्या बोटावरच अडले. "तो छत्रीचा... उघडी की मिटलेली?" सगळा दरबार खाली बघू लागला.

"बरं, दोनच!" राजे ओशाळून म्हणाले. "सुभाना, या नव्या कायद्याची दवंडी दे."

भिवरानं हलगी उचलली आणि अदबीनं राजांच्या पुढ्यात ठेवली. "कायदा आपला आहे, महाराज."

राजे पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी भिवराला दिलं, सुभानाच्या गळ्यासाठी घागरभर मध देवविला, आणि हलगी खांद्याला अडकवून स्वतः चौकाकडे निघाले.