काळ्या फरशीवरचा नाच

एका राज्यात नदी होती, पण ती कुणाला दिसत नसे. राजवाड्याच्या दरबारात काळ्या दगडाची फरशी होती, तिच्याखालून ती वाहायची. कान लावला की खळखळ ऐकू यायची. वर मात्र विहिरी कोरड्या, आड कोरडे, आणि गुरं दिवसभर सावली शोधत फिरायची.

हे असं झालं त्याला कारण राजा धैर्यकेतू. त्याच्या दरबाराचा एक नेम होता. राजापुढे आलेल्याने राजावरची नजर काढायची नाही. काढली, की तलवार. एकदा वाळूच्या देशातून जुलेखा नावाची नाचणारीण आली. तिचा नाच पोटाचा. कंबर फिरायची, पोटावर लाटा उठायच्या, आणि शेवटी ती गुडघ्यांवर उतरून मागे पाठ टेकायची आणि हात न लावता पुन्हा उठायची. तर ती उठत असताना तिचं डोकं मागे लोंबत होतं. राजा गरजला, "हिने आमच्यावरची नजर काढली! परदेशची आहे म्हणून जीव वाचला. हाकला हिला."

नाच अर्धा राहिला. जुलेखाला मंत्रविद्या येत होती. ती म्हणाली, "राजा, तुझी नदी या फरशीखाली जाईल. याच फरशीवर माझा नाच कुणी पुरा करील, तेव्हा ती वर येईल. उठताना जिचा हात टेकेल, तिचा हात फरशीचा."

ती गेली. तिच्यामागे नदीही फरशीखाली गेली. वर्षं लोटली.

दरबारात नाचणाऱ्या दोघी बहिणी होत्या. थोरली वनमाला, धाकटी कमळजा. वनमाला म्हणाली, "लहानपणी मी पाहिलाय तो नाच. त्यात काय एवढं?" ती फरशीवर उतरली, पाठ टेकली, उठायला गेली, आणि तोल जाऊन तिचा उजवा तळवा खाली टेकला. टेकला तो टेकलाच. तळव्याचा दगड झाला. मग दगड मनगटात आला, आणि रोज थोडा थोडा वर चढू लागला.

कमळजा तिला पेज भरवायला बसली.

"अक्का, दुखतं का गं?"

"दुखत नाही. तेच वाईट आहे."

"गळ्याशी आलं तर?"

"तर बोलणं बंद. मग तुझ्या चुका कोण काढणार, त्याची काळजी आहे मला."

खिडकीत एक हुदहुद पक्षी बसला होता. डोक्यावर तुरा, चोच लांब. तो म्हणाला, "रडून दगड भिजत नाही. जिने शाप दिला, तिच्याकडे जा. वाट मला ठाऊक आहे."

कमळजा निघाली. पक्षी पुढे, ती मागे. गवत संपलं, माती संपली, वाळू लागली. एका खजुरीखाली जुलेखा बसली होती. केस पांढरे, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या.

"आजी, शाप मागे घ्या."

"तोंडातून गेलेला शब्द माझा राहिला नाही, पोरी. मीच येऊन नाचले असते, पण गुडघे गेले. नाच शिकवीन. शिकशील?"

"शिकेन."

"मग पहिलं उतरणं."

खजुरीच्या बुंध्याशी एक पाल झोपली होती, सोन्याच्या अंगाची. जुलेखा म्हणाली, "हिच्याशेजारी गुडघे टेक. ही जागी झाली, तर उतरणं चुकलं." कमळजा उतरली, धप्पकन आवाज झाला, पाल पळाली.

हुदहुद म्हणाला, "पोतं टाकलं वाटतं कुणी."

पाल परत यायची, झोपायची, पुन्हा पळायची. कमळजेचे गुडघे सोलले. मग हळूहळू तिला कळलं, की भार गुडघ्यांनी घ्यायचाच नाही. मांड्यांनी धरायचा, पोट आत ओढायचं, आणि शेवटचं बोटभर अंतर सर्वांत सावकाश उतरायचं. असं उतरली तेव्हा पालीने डोळासुद्धा उघडला नाही.

पक्षी राज्यात जाऊन आला होता. म्हणाला, "दगड कोपराशी आला."

"दुसरं, पाठ टेकणं," जुलेखा म्हणाली.

कमळजा गुडघ्यांवरूनच मागे झुकली, खांदे वाळूला लागले. जुलेखाने तिच्या पोटावर खजुराची बी ठेवली. "ही बी बरगडीपासून बेंबीपर्यंत ने आणि परत आण. हात लावायचा नाही." कमळजेने पोट हलवलं. बीला गुदगुल्या होतात की काय, तशी ती उडून पडली. कमळजेला हसू आलं, बी पुन्हा पडली.

"हसू पोटातच असतं. ते आधी संपव, मग लाट आण," जुलेखा म्हणाली.

कमळजा पुष्कळ हसली. हसून हसून दमली, मग थोडी रडली, मग पोट शांत झालं. तेव्हा श्वासाबरोबर वरून खाली लाट गेली, खालून वर आली, आणि बी तिच्यावरून नावेसारखी गेली-आली. परत आली तोवर तिला कोंब फुटला होता. जुलेखाने ती काढून वाळूत लावली.

पक्षी म्हणाला, "दगड खांद्याशी आला."

"तिसरं, उठणं."

इथे कमळजा अडली. उठायला जायची, डोकं वर यायचं, छाती मागे पडायची, हात टेकायचा. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

जुलेखाने विचारलं, "कुणाला बघतेस?"

"कुणाला नाही."

"मग आधी मान का उचलतेस? इथे राजा आहे?"

कमळजेने आजूबाजूला पाहिलं. लहानपणापासून राजाकडे बघत नाचलेली ती. राजा नव्हता, तरी डोळे त्याला शोधत होते. अक्काही अशीच पडली होती.

"पोटातून ऊठ. मग छाती, मग खांदे. डोकं सगळ्यांत शेवटी," जुलेखा म्हणाली.

हुदहुद तिच्या कपाळावर येऊन बसला. "मी इथे आहे. मान उचललीस की मी उडणार, आणि उडताना काय करीन ते सांगत नाही."

त्याला पुष्कळदा उडावं लागलं. अखेर एकदा तो कपाळावरच राहिला आणि कमळजा गुडघ्यांवर ताठ झाली.

"जा. उशीर झालाय," जुलेखा म्हणाली.

भर दुपारी दरबार भरला होता. दगड वनमालेच्या मानेपर्यंत चढला होता. कमळजेने डफवाल्याला खूण केली आणि ती नाचू लागली. कंबर फिरली, लाट उठली. ती काळ्या फरशीवर उतरली, आवाज झाला नाही. पाठ टेकली. पोटावरून लाट गेली, आली. फरशीखाली पाणी थांबल्यासारखं झालं.

मग ती उठू लागली. डोकं मागे, गळा उघडा, डोळे छताकडे.

राजा म्हणाला, "इकडे बघ!"

तिने पाहिलं नाही.

"इकडे बघ म्हणतो!"

तलवारवाला पुढे आला. त्याची सावली तिच्या गळ्यावर पडली. तिचा तोल ढळला. हात आपोआप खाली निघाला आणि फरशीपासून वीतभर अंतरावर थांबला.

दगडात अडकलेल्या गळ्यातून वनमालेचा आवाज आला. "हळू, कमळे. घाई नाही. मी आहे."

कमळजेने श्वास सोडला. हात वर गेला. पोट, मग छाती, मग खांदे. गुडघ्यांवरून पावलांवर. आणि ती पुरी उभी राहिल्यावर, सगळ्यांत शेवटी, तिचं डोकं.

फरशी मधोमध चिरली. नदी वर आली. तलवारवाला तलवार टाकून खांबाला बिलगला. पाणी सिंहासनाच्या पायऱ्यांवरून गेलं, राजाचे जोडे घेऊन बाहेर पडलं, आणि आपल्या जुन्या वाटेने शेतांकडे गेलं.

राजा अनवाणी बसला होता. म्हणाला, "तू आमच्याकडे पाहिलं नाहीस."

"पाहिलं असतं तर पडले असते, महाराज."

राजाने पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो नेम आजपासून बंद." आणि जुलेखाला आणायला त्याने पालखी पाठवली.

वनमालेच्या अंगावर चढलेला दगड वितळून पाण्याबरोबर गेला होता. ती बोटं उघडत-मिटत कंबरभर पाण्यात बसून होती.

"गुडघे बघ कसे काळे करून आलीस," ती म्हणाली.

"ऊठ ना अक्का."

"उठते. पण हात दे आधी. भुईला टेकून उठायची हौस फिटली माझी."

कमळजेने हात दिला, वनमालेने तो धरला, आणि दोघी ओल्या पायांनी घरी गेल्या. शाप होता तो वाहून गेला, विहिरी भरल्या, गुरं पाण्याशी आली, आणि गोष्टही तिथेच टेकली.