सुभेदार लांडगा

एका सिंहाचे राज्य फार दूरवर पसरले होते. मोठ्या नदीपलीकडचे, त्याने कधी पाहिलेही नव्हते असे जंगलसुद्धा तो आपलेच म्हणत असे. त्या जंगलावर त्याने एका म्हाताऱ्या लांडग्याला सुभेदार नेमले. लांडगा आपल्या मुलीला घेऊन नदी ओलांडून आला आणि येताच त्याने हुकूम सोडला, "दर पौर्णिमेला हरणांनी मला एक पाडस आणून द्यायचे!" जी हरणी रडली, तिचे दुसरे पाडसही त्याने उचलले.

त्या जंगलात त्याच्या आधी आलेला एक तरणा लांडगा होता. तो नदीतले मासे खाऊन राही, म्हणून हरणे त्याला पाहून पळत नसत. तेवढ्यानेच सुभेदाराच्या मनात पाल चुकचुकली. 'आज हा यांच्याशी गोड बोलतो, उद्या यांनाच माझ्या अंगावर घालील.' वरवर हसून त्याने आपली मुलगी त्याला दिली. पण संशय काही जाईना. जावई नमस्काराला वाकला की त्याला वाटे, हा माझ्या पायांतले बळ जोखतो आहे. शेवटी एकदा जेवायला बोलावून त्याने जावयाचा गळा धरला.

"मामासाहेब, मी काय केले?"

"अजून काही केले नाहीस," सुभेदार म्हणाला, "म्हणूनच आता."

मुलांनो, त्यानंतर तरी तो सुखाने झोपला असेल का? छे! पान हलले तरी तो दचके. समोर आलेले मांस आधी आपल्या चाकर कोल्ह्याला खायला लावी, आणि कोल्ह्याने मिटक्या मारल्या की 'याच्या मनात काहीतरी आहे' म्हणून तेही टाकून देई. मुलीने तर बापाशी बोलणेच सोडले होते.

एके दिवशी नदीला पूर आला. सारे प्राणी टेकडीकडे धावले. मुलगीही निघाली, पण तिचा पाय अडखळला. कसाही असला तरी बापच तो! गुहेच्या तोंडाशी येऊन ती म्हणाली, "बाबा, पाणी चढते आहे. टेकडीवर चला."

सुभेदार तिच्या डोळ्यांकडे रोखून पाहत राहिला. जिच्या नवऱ्याला आपण मारले, ती आपल्याला कशाला वाचवील? वर सगळे टपून बसले असतील.

"तू हो पुढे," असे म्हणून तो गुहेत आणखी आत सरकला.

पूर ओसरल्यावर मुलगी एकटीच गुहेत शिरली. आत बाप बुडून मेलेला होता. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि टेकडीकडे चालू लागली.

तात्पर्य : जो स्वतः दगा देतो, त्याला दुसऱ्याच्या मायेतही दगाच दिसतो.