देवीपाशी न थांबलेली गाडी

गाड्यांना वाचा होती त्या काळातली ही गोष्ट. घाट उतरताना प्रत्येक गाडी मधल्या टप्प्यावरच्या देवीपाशी घटकाभर थांबत असे. शर्यतीच्या लाल गाडीला मात्र पुढे कोणी दिसले की राहवत नसे.

“अगं पोरी, थांब जरा,” म्हातारा ट्रक म्हणाला. “नमस्कार होतो, तेवढ्यात तापलेले ब्रेकही निवतात.”

“आजोबा, तुम्ही दर्शन घ्या, मी पहिला नंबर घेते!” असे म्हणून ती उताराला लागली.

धुक्यात एकेक गाडी मागे पडली. आता पुढे कोणीच नसेल असे तिला वाटले, तोच एक निळी गाडी दिसली. तिचे दिवे विझलेले होते आणि चाकांचा आवाज मुळीच येत नव्हता. लाल गाडीने वेग वाढवला. वळण आले, तेव्हा तापलेले ब्रेक लागलेच नाहीत.

धुके विरले तेव्हा ती दरीच्या तळाशी पडली होती. भोवती गंजलेल्या गाड्यांची रांग होती. निळी गाडी सरकून तिला जागा करून देत होती.

“पहिली कोण आली?” लाल गाडीने क्षीण स्वरात विचारले.

“तूच, बाई,” निळी गाडी म्हणाली. “इथे आम्ही सगळ्या पहिल्याच आलेल्या आहोत.”